बेगड शिंगाला चालतं, मग पापणीला का नाही?

मैत्रिणींनो, आज मी अशा एका वस्तूबद्दल लिहिणार आहे, जिचं नाव काढलं तरी आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायका नाक मुरडतात. आयशॅडो! त्यातही चमचमणारी, मुली जिला 'शिमर' म्हणतात ती. तुम्ही म्हणाल, समाजकार्य करणाऱ्या बाईला हे काय सुचलं? पाणी, दारूबंदी, बचत गट सोडून ही पापण्या रंगवायच्या गोष्टी कधीपासून करायला लागली? सांगते. पण त्याआधी मला माझी एक चूक कबूल करायला हवी.

आम्ही म्हसवडकर. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि सगळं गाव गुलाबी होऊन जातं. यात्रेत बांगड्या, रिबिनी, टिकल्या, खेळणी यांची दुकानं लागतात. आमच्या गटातल्या एकीनं मागच्या एका यात्रेतून बारा रंगांची आयशॅडोची पेटी आणली होती. साठ रुपयांना बारा रंग! तिचं नाव इथं लिहीत नाही. गटात ती वयानं सगळ्यात लहान, म्हणून आम्ही तिला 'धाकली' म्हणतो. वय छत्तीस-सदतीस. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पदरात दोन मुलं, घरात सासू, एक शिलाई मशीन आणि चार शेळ्या.

यात्रेनंतरच्या बैठकीला धाकली आली ती पापण्यांवर सोनेरी चमक लावून. रंग जरा जास्तच झाला होता, एका डोळ्यावर कमी, दुसऱ्यावर अधिक. मी पासबुकं तपासत होते. मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, "काय गं, आज कुणाचं लग्न आहे?"

सगळ्या हसल्या. तीही हसली आणि हळूच पदरानं डोळे पुसून बसली. पुढच्या वसुलीच्या दिवशी ती धुतल्या चेहऱ्यानं आली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्यानंतर मात्र ती यायचीच बंद झाली. मशीनचा हप्ता मुलाच्या हाती पाठवायला लागली, तेव्हा मी घरी गेले.

बघते तर दोन्ही डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. मशीन बंद. सुईत दोरा ओवता येत नव्हता. दाराआड नेऊन तिनं मला ती पेटी दाखवली आणि म्हणाली, "ताई, मालक गेल्यावर बी नटायला गेले, देवानंच शिक्षा दिली म्हनायची."

तिच्या सासूबाई चुलीजवळून सगळं ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला. माझ्या त्या हसण्याचाही अर्थ मला तेव्हाच कळला.

चूक डबीची

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. पेटीही बरोबर नेली. डॉक्टरांनी डोळे तपासले, थेंब दिले, डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलं. मग ती पेटी उजेडात धरून बघितली. त्यात बारीक भुकटी कमी आणि टिकलीचे तुकडे करावेत तशी चकमकच जास्त होती. ते कण डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "लावू नका असं माझं म्हणणं नाही. हे लावू नका."

येताना एसटीत मी धाकलीला तेच सांगत होते. अगं, देवाला एवढी कामं आहेत, तो कशाला तुझ्या पापण्या बघत बसेल? चूक डबीची होती, तुझ्या नटण्याची नव्हती. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पण मला मात्र हे नीट समजून घ्यावंसं वाटलं. माझी बारावीतली पुतणी या विषयात पारंगत. तिला गुरू केलं, डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदाराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते. दोनशे रुपयांच्या आत रोज लावता येईल अशी आणि डोळ्यांना न बाधणारी चमक मिळते, एवढं पक्कं.

ही चमक येते कुठून?

आयशॅडोतली खरी चमक ही अभ्रकाची करामत असते. शाळेत आपण सगळ्यांनी अभ्रकाचे पापुद्रे नखानं सोलून बघितलेत. याच अभ्रकाची अगदी बारीक पूड करतात आणि तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचा ऑक्साइड यांचा पातळ थर चढवतात. लोहाच्या थरानं तांबूस, सोनेरी छटा येते. थराची जाडी बदलली की कधी मोत्यासारखी, कधी गुलाबी, कधी निळसर झाक दिसते. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जशी झळाळी असते ना, तसाच काहीसा प्रकार. ही पूड हाताला पिठासारखी मऊ लागते.

चकमक म्हणजे ग्लिटर ही निराळी वस्तू. साधं ग्लिटर हे बहुधा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन, त्याचे बारीक तुकडे कापून केलेलं असतं. शुभेच्छापत्रावर, मखरावर, रांगोळीत ते ठीक. त्याच्या कडा धारदार असतात. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून पहिली परीक्षा बोटाची. चिमूटभर रंग दोन बोटांत चोळून बघा. मऊ लागला आणि बोटावर सलग झळाळी पसरली तर ती शिमर. रवा चोळल्यासारखा खरखरीत लागला आणि सुटे सुटे ठिपके चमकले, तर ती डबी तिथंच ठेवा. बोटाला मऊ लागणारं सगळंच चांगलं असतं असं मात्र नाही. त्यासाठी पुढची परीक्षा आहे.

या अभ्रकाला एक दुखरी बाजूही आहे. झारखंडात कोडरमा, गिरिडीह भागात अभ्रकाच्या बंद पडलेल्या खाणी आहेत. तिथला उरलासुरला चुरा, ज्याला तिकडं 'ढिबरा' म्हणतात, तो गोळा करायला लहान मुलं जातात. कच्च्या खाणी ढासळून मुलं दगावल्याच्या घटना २०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी उजेडात आणल्या. त्यानंतर २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अभ्रक वापरणाऱ्या कंपन्या आणि संस्थांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' स्थापन केलं. आता काही कंपन्या कारखान्यात बनवलेलं कृत्रिम अभ्रक वापरतात. घटकांच्या यादीत 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं लांबलचक नाव दिसलं तर ते हेच. आपल्या पापणीवरच्या चमकेसाठी कुणाचं लेकरू मातीत जाऊ नये, एवढं तर आपल्याला वाटायलाच हवं.

डबी उलटी करून बघा

आपण बायका साडी घेताना पदर उलटा करून बघतो, भांडं घेताना वाजवून बघतो, वांगी घेताना देठ बघतो. पण डोळ्याला लावायची वस्तू घेताना झाकणावरच्या गोऱ्या पोरीचं चित्र बघून पैसे देतो! मैत्रिणींनो, डबी उलटी करून बघा. आपल्याकडे १९४० सालचा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे आणि त्याखाली २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले आहेत. त्यानुसार डबीवर किंवा खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा, बॅच नंबर हवा, कधीपर्यंत वापरायचं तो महिना आणि वर्ष हवं, उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. हा क्रमांक इंग्रजी 'एम' अक्षरापासून सुरू होतो. माल परदेशातून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. धाकलीच्या पेटीवर यातलं काहीच नव्हतं.

हा सगळा खटाटोप कशाला, तर त्या पत्त्यामागे कुणीतरी जबाबदार माणूस असतो म्हणून. आपल्या नियमांप्रमाणे रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं प्रसाधनात वापरायला बंदी आहे. जे रंग चालतात, त्यांतही शिसं दहा लाख भागांत वीस भागांहून जास्त आणि आर्सेनिक दोन भागांहून जास्त असता कामा नये. बिननावाच्या पेटीत काय आहे हे कोण तपासणार? आणि काही बिघडलं तर कुणाला जाब विचारणार? नावापत्त्याची डबी असेल तर पावती आणि डबी जपून ठेवा. तक्रार असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाता येतं, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोनही करता येतो.

अक्षरं बारीक असतात, इंग्रजी असतात, हे मला मान्य. पण आपण म्हसवडच्या बायका आहोत. आमच्या गावातल्या माणदेशी महिला सहकारी बँकेची गोष्ट आठवा. सभासद बायका निरक्षर, अंगठा लावणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला होता. त्या बायका रडत बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, चेतना सिन्हांबरोबर पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली बँक उभी राहिली. ज्या गावच्या बायका परवान्यासाठी अक्षरं गिरवतात, त्यांना डबीवरचा परवाना क्रमांक वाचणं जड जाईल होय?

म्हणून त्या संक्रांतीला आमच्या गटानं वाण म्हणून काय दिलं असेल? छोटी भिंगं! वीस-वीस रुपयांची. आणि हळदी-कुंकवाचं नाव बदलून 'तिळगूळ भेट' केलं, म्हणजे कुणी दाराबाहेर राहायला नको. भिंगं हातात आल्यावर जी मजा आली, विचारू नका. बायका घरी जाऊन पावडरी, क्रीम, काजळ, मुलांचे शॅम्पू, सगळं उलटं करून वाचायला लागल्या. एकीनं मुदत संपून दोन वर्षं झालेली लिपस्टिक शोधून काढली. तिच्याच लग्नातली होती म्हणे.

आपल्या रंगाला शोभेल ते

आता रंगाचं. स्वस्तात घ्यायचं तर बारा रंगांच्या मोहात पडू नका. बारातले दहा रंग तसेच राहतात आणि जुने होतात. रोजच्या वापराला एक चमकदार छटा आणि एक बिनचमकीची तपकिरी छटा, एवढं पुरतं. माहितीतल्या कंपन्यांच्या सुट्या एकेरी डब्या मिळतात. मी स्वतः घेतलेली डबी १७५ रुपयांची आहे आणि रोज लावूनही वर्षभर पुरेल असं दिसतंय.

आपला गव्हाळ, सावळा रंग हा फार सुंदर रंग आहे. त्याला तांबं, कांस्य, जुनं सोनं, मनुकी, डाळिंबी या छटा खुलून दिसतात. पांढरट चांदी किंवा फिकट निळी झाक सावळ्या पापणीवर राख लागल्यासारखी दिसते. गोऱ्या जाहिरातीवरून रंग निवडला की हीच फसगत होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखालीही फसायला होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर रंग लावा, दुकानाबाहेर उन्हात या आणि मग ठरवा. नमुन्याची उघडी डबी डोळ्यांना मात्र लावून बघू नका. तिच्यात किती जणींची बोटं बुडालेली असतात!

चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पापणीवर बारीक सुरकुत्या आल्या की जाड चमक त्या घड्यांत जाऊन बसते आणि आपलं वय पाच वर्षांनी वाढवते. आपल्यासाठी साटीनच्या कापडासारखी मंद झळाळी बरी. आरशासारखी लखलख मुलींना शोभते.

लावायचं कसं, काढायचं कसं

जुन्या बायका कुंकू कसं लावायच्या आठवतंय? माझी आई आधी कपाळावर बोटानं मेणाचा गोल ठिपका द्यायची आणि त्यावर पिंजर दाबायची. मग ते कुंकू घामानं, कामानं हलत नसे. आयशॅडोचं तंत्र नेमकं तेच आहे. पार्लरवाल्या ज्याला 'प्रायमर' म्हणतात, ते म्हणजे हे मेणच समजा. तो विकत घ्यायलाच हवा असं नाही. तोंडाला लावायचं फाउंडेशन किंवा कन्सीलर असेल तर त्याचा तांदळाएवढा ठिपका पापणीवर पसरा, जास्तीचं टिपून घ्या. तेलकट क्रीम मात्र नको, त्यावर रंग घसरतो.

मग अनामिकेच्या टोकावर थोडासा रंग घ्या. बोट डबीवर झटका. डोळा मिटून पापणीच्या मधोमध, बाहुलीच्या वरच्या जागी हलकंच दाबा. घासायचं नाही, दाबायचं. बोटाच्या उबेनं शिमर नीट बसते, ब्रश नसला तरी अडत नाही. बाहेरच्या कोपऱ्यात तपकिरी छटेचं एक बोट. झालं! भुवईपर्यंत रंग न्यायचा नाही, खालच्या पापणीच्या आतल्या कडेला चमक लावायची नाही. वर काजळाची बारीक रेघ. दोन मिनिटांचं काम. चहा उकळेपर्यंत होतं.

आमच्या माणदेशात ऊन आणि धुरळा दोन्ही जबर. उन्हाळ्यात शेतात, रोजगारावर किंवा भट्टीपाशी काम असेल तेव्हा डोळ्यांवर काही लावू नका. घामाबरोबर रंग डोळ्यात उतरतो. दुकानात, शाळेत, कचेरीत, बाजारात बसायचं असेल तर खुशाल लावा. नवी डबी आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासा रंग लावून एक दिवस वाट बघा. खाज सुटली, लाली आली तर ती आपल्याला चालत नाही, मग ती कितीही महाग असो. चष्म्याऐवजी लेन्स लावणाऱ्यांनी आधी लेन्स घालावी, मग रंग. आणि आई-सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत त्यांच्या डोळ्यांना काजळसुद्धा नको.

रात्री रंग काढूनच झोपायचं, यात आळस नको. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्या, मिटल्या पापणीवर क्षणभर ठेवा आणि नाकाकडून कानाकडे न चोळता पुसून घ्या. तेल डोळ्यात जाऊ देऊ नका. मग चेहरा साध्या पाण्यानं धुवा. डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात '१२ एम' लिहिलेलं असलं तर उघडल्यापासून बारा महिने वापरायची, असा त्याचा अर्थ. रंगाला वास आला, वर कडक थर धरला, की जिवावर आलं तरी टाकून द्या.

दुसरीची डबी नको

आपल्यात एकीची वस्तू म्हणजे सगळ्यांची वस्तू. साडी द्यावी, दागिना द्यावा, पण डोळ्याला लावायचं काही देऊ नये आणि घेऊही नये. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची केवढी साथ आली होती, आठवा. आळंदीत किती मुलांचे डोळे आले होते! साथीत रुमाल आणि टॉवेल वेगळे ठेवले, पण काजळाची डबी घरभर फिरलीच. डोळे आले की सगळे रंग बंद करायचे आणि आधी वापरलेली डबी पुन्हा हातात घ्यायची नाही. लग्नाच्या घरी पार्लरवाली ताई आली तर तिला गोड शब्दांत सांगा, ब्रश धुऊन, पुसून घे बाई. यात अपमान कसला? न्हाव्याला आपण नवं पातं लाव म्हणतोच की.

कुणासाठी?

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. एवढी सगळी माहिती गोळा करून मी धाकलीकडे गेले. डोळे बरे झाले होते, मशीन सुरू झालं होतं. मी तिच्यासाठी तांबूस छटेची एक डबी नेली होती. तिनं डबी उलटी केली, भिंग काढलं, परवान्याचा क्रमांक, मुदत, सगळं वाचलं आणि डबी माझ्या हातात परत ठेवली. "चांगली हाय ताई. पन आता कुनासाठी नटायचं वो?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. नवरा गेलेल्या बाईनं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, रंग सोडायचे, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. फार मोठी गोष्ट झाली ती. पण मैत्रिणींनो, ठरावानं बांगड्या हातात राहतील. 'कुणाचं लग्न आहे' म्हणून हसणाऱ्या माझ्यासारखीचं तोंड कोणता ठराव बंद करणार? मी काही तिला वाईट बोलले नव्हते. गमतीतच बोलले होते. पण त्या गमतीमागे, 'हिला आता हे कशाला हवं?' हा विचार होताच. शिकलेली, संस्थेत काम करणारी, भाषणं देणारी मी. त्यामुळे माझी चूक तिच्या सासूबाईंच्या चुकीहून मोठी आहे.

आणि हे फक्त विधवांपुरतं नाही. सावळ्या मुलीला म्हणतात, तुला कशाला चमक? पन्नाशीच्या बाईला म्हणतात, या वयात? लग्न न झालेलीला म्हणतात, कुणाला दाखवायला? भाजी विकणारीला म्हणतात, रोजच्याला काय एवढं? म्हणजे बाईनं चमकावं ते फक्त लग्नकार्यात, तेही नवऱ्याच्या नावानं आणि दुसऱ्यानं परवानगी दिली तर. तुम्ही रोज लावाच असा माझा आग्रह नाही. मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस लावते, चार दिवस कंटाळा करते. न लावणारीलाही कुणी गबाळी म्हणू नये. पण लावायचं की नाही हे तिनं ठरवावं. आपण बघणाऱ्यांनी फार तर एवढंच विचारावं, डबी कुठली आहे गं?

ती तांबूस डबी धाकलीनं त्या दिवशी घेतली नाही. मी फडताळावर ठेवून आले. पुढे आषाढात बेंदूर आला. शेजारच्या घरी बैल धुतले, शिंगं रंगवली, हिंगूळ लावला, बेगड चिकटवलं. आम्ही दोघी ओट्यावर उभ्या राहून बघत होतो. धाकली एकदम म्हणाली, "ताई, वरीसभर राबतंय ते जनावर, म्हनून त्याच्या शिंगाला बेगड. मग म्या बी राबतेच की वरीसभर."

मी काही बोलले नाही. बोलून एकदा बिघडवलं होतं, म्हणून जीभ आवरली.

त्यानंतरच्या बाजारात ती शिवलेली परकर-पोलकी घेऊन बसली होती. पापण्यांच्या मधोमध तांबूस चमक, अगदी बेताची, दोन्ही डोळ्यांवर सारखी. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना ती मान हलवायची आणि ऊन पडलं की चमक लकाकायची. सासूबाई मागे पोत्यावर बसून पैसे मोजत होत्या. मी विचारलं, "आत्या, काय म्हणता?"

त्या म्हणाल्या, "काय म्हनायचं? डोळं लाल न्हाईत ना झालं? मग झालं की."

त्यांना ते आवडलं आहे असं मी म्हणणार नाही. पण नोटा मोजता मोजता त्यांनी दोन वेळा सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. आमच्या गटात आता आणखी चौघीजणी लावतात. कुणी लावून आली की हसायचं नाही, असा आम्ही नियम केला आहे आणि तो मोडला तर पाच रुपये दंड. पहिला दंड कुणी भरला, हे तुम्ही ओळखलं असेलच. मागच्या त्या हसण्याचे पाच रुपये मी व्याज धरून दहा भरले.